रोबोटिक सर्जरी सुचवलीय? हो म्हणायच्या आधी हे करा

पहिलं म्हणजे घाबरू नका, रोबोट स्वतःहून काही कापत नाही. सर्जन त्याच खोलीत कन्सोलवर, म्हणजे रोबोट चालवायच्या यंत्रापाशी बसून डोळ्यासमोर थ्रीडी चित्र बघत बोटं हलवतात आणि आत पोटात ती बारीकशी हत्यारं मनगटासारखी वळतात, म्हणून प्रोस्टेटसारख्या अडचणीच्या जागी टाके घालणं सोपं जातं.

डॉक्टरांना सरळ विचारा, तुम्ही स्वतः हेच ऑपरेशन रोबोटवर किती वेळा केलंय? मला तरी हा प्रश्न मशीनपेक्षा महत्त्वाचा वाटतो, कारण हात सरावाचा लागतो. मग विचारा, साध्या दुर्बिणीने केलं तर माझ्या केसमध्ये नेमका काय फरक पडेल, आणि मधेच ओपन, म्हणजे मोठी चीर देऊन करावं लागलं तर?

खर्चाचं एस्टिमेट लेखी घ्या. २०२० पासून आरोग्य विम्यात रोबोटिक सर्जरी धरावीच लागते, पण कंपनी त्यावर वेगळी मर्यादा घालू शकते, तेव्हा पॉलिसीत सब-लिमिट शोधाच, नाहीतर डिस्चार्जच्या दिवशी पैशांसाठी धावपळ होते.

दा विंची या सर्जरीच्या रोबोटला अमेरिकेत २००० साली परवानगी मिळाली, आता आपल्याकडचा एसएसआय मंत्रा पण आलाय, त्यामुळे कुठलं मशीन आहे तेही विचारून घ्या.