कॉलेजच्या लॅबमध्ये डार्क फॉरेस्टची स्पर्धा भरवायची तर

डार्क फॉरेस्ट हा अवकाश जिंकायचा खेळ अख्खाच्या अख्खा ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांनी मिळून सांभाळलेल्या नोंदवहीवर चालतो. कुठला ग्रह कुणाचा, त्यात ऊर्जा किती, चाल कधी पोचणार, हे सगळं स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये (चेनवरच चालणाऱ्या प्रोग्राममध्ये) नोंदलेलं असतं. ग्रह नकाशावर नेमका कुठं आहे हे मात्र चेनवर जातच नाही. ब्राउझर झेडके-स्नार्क नावाचा गणिती पुरावा पाठवतो. चाल नियमात बसते एवढंच त्यातून कळतं, जागा कळत नाही. खेळाचा कोड खुला आहे, त्यामुळं नांदेड, लातूर, परभणीतल्या कुठल्याही संगणक विभागाला आपलं स्वतःचं विश्व उभं करता येतं.

आधी पैशाचा विषय मिटवून टाका. ऑनलाइन गेमिंगचा 2025 चा केंद्रीय कायदा पैशाच्या खेळांवर बंदी घालतो, आणि पणाला लावायच्या वस्तूंच्या त्याच्या व्याख्येत पैसे मोजून घेतलेली नाणी आणि टोकनही येतात. 'आम्ही रुपये कुठं घेतले, टोकनच तर घेतलं' ही पळवाट तिथंच बंद होते. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. बक्षीस म्हणून क्रिप्टो द्यायचा मोहही आवरा. 1 एप्रिल 2022 पासून अशा मालमत्तेच्या विक्रीतल्या नफ्यावर 30 टक्के कर आहे आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यातून वळता करता येत नाही. पहिल्या वर्षाच्या पोरांच्या गळ्यात ही झेंगटं कशाला? प्रवेश फुकट, खेळ गॅस (व्यवहाराचं शुल्क) फुकट असलेल्या चेनवर, बक्षीस चषक किंवा पुस्तकं. एवढ्यात स्पर्धा झकास होते.

प्रकार कोणता घ्यायचा

एका दिवसाच्या स्पर्धेला दोनच प्रकार झेपतात. पहिला शर्यतीचा: सगळ्यांना एकच नकाशा, ठरलेला लक्ष्यग्रह जो आधी ताब्यात घेईल तो जिंकला. दुसरा दुरंगी सामना, वीस मिनिटांचा. गटागटानं खेळायची 48 तासांची लांब फेरी खेळ म्हणून सगळ्यात रंगतदार, पण रात्री लॅब उघडी कोण ठेवणार, ते आधी विचारा.

सोळा खेळाडू असतील तर चार-चारचे चार गट करा. गटात प्रत्येकाचा प्रत्येकाशी सामना म्हणजे सहा, एकूण चोवीस. आठ संगणकांवर एका वेळी चार सामने बसतात, म्हणजे सहा पाळ्या. वीस मिनिटं खेळ आणि दहा मिनिटं अदलाबदल धरली की तीन तास. गटातले पहिले दोन पुढं. उपांत्यपूर्व आणि उपांत्य मिळून एक तास, अंतिम सामना तीनपैकी दोनचा धरून दीड तास. सकाळी साडेदहाला सुरू केलं तर जेवणासकट पाचच्या आत उरकतं. तारखेला 17 सप्टेंबर सोयीचा, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला मुलं आलेलीच असतात. एप्रिल-मे मात्र नको. लातुरात तेव्हा 'नीट' प्रवेश परीक्षा सोडून कुणाला काही सुचत नाही, आणि लॅबमधली यंत्रं उन्हानंच मंदावतात.

विश्वाची मांडणी

सगळा खेळ एका सेटिंगच्या फाइलमधून घडतो. त्यातल्या चार गोष्टी नीट पाहा.

नकाशा मुख्यतः प्लॅनेट हॅश की आणि स्पेस टाइप की अशा आकड्यांतून तयार होतो. आकडे तेच ठेवले की नकाशाही तोच. म्हणून दुरंगी सामन्याचे आकडे सामना सुरू होईपर्यंत फुटता कामा नयेत. आदल्या रात्री ते ज्याच्या हाती लागतील तो घरबसल्या अख्खा नकाशा शोधून ठेवील आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. शर्यतीत याच्या उलट करा: आकडे आठवडाभर आधी सगळ्यांना देऊन टाका, सराव होऊ द्या.

टाइम फॅक्टर शंभर म्हणजे मूळ वेग. त्या वेगानं वीस मिनिटांत काहीच घडत नाही. हजारावर, म्हणजे दहापटीवर नेऊन दोन चाचणी सामने खेळून बघा आणि मग कमी-जास्त करा. जगाची त्रिज्या लहान ठेवा, नाहीतर दोघे एकमेकांना सापडायच्या आतच वेळ संपते. मागं गेलेला खेळाडू मग चिडतो, आणि त्याचं बरोबर असतं.

चौथी गोष्ट सगळ्यात घातक. झेडके तपासणी बंद ठेवायचा एक पर्याय विकासकांच्या सोयीसाठी दिलेला आहे. तो तसाच राहिला तर खोटी जागा सांगून केलेली चालही कॉन्ट्रॅक्ट मुकाट्यानं मान्य करतं. स्पर्धेआधी दोघांनी वेगवेगळं उघडून ही ओळ तपासायची.

चेन कुठं चालवायची

सरावाला लॅबमधल्याच एका यंत्रावर आपल्यापुरती चेन उभी करून देणारं हार्डहॅट किंवा अ‍ॅनव्हिल चालतं. व्यवहार लगेच नोंदले जातात, खर्च शून्य. पहिली अडचण ठरलेली: नोड (चेन चालवणारा प्रोग्राम) फक्त आपल्याच यंत्राचं ऐकतो, बाकीच्यांना जोडताच येत नाही. नोड सुरू करताना होस्टचा पत्ता 0.0.0.0 द्या, फायरवॉलमध्ये 8545 हा पोर्ट उघडा, आणि खेळाडूंच्या ब्राउझरमध्ये जाणाऱ्या सेटिंगमध्ये 'लोकलहोस्ट' काढून त्या यंत्राचा आयपी टाका. राउटरमध्ये तो आयपी पक्का करून ठेवायचा. नाहीतर लाईट जाऊन आली की राउटर नवा आयपी वाटू शकतो आणि आठही पडदे एकदम थिजतात.

लाईटचा विषय निघालाच आहे तर: हार्डहॅटचा नोड सगळं मेमरीत ठेवतो. यंत्र बंद पडलं की ग्रह, गुण, सगळं साफ. आपल्याकडं हे 'कदाचित' होणारं नाही, होणारच आहे. नोडचं यंत्र आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या (राउटर हमखास राहून जातो), किंवा अ‍ॅनव्हिल वापरून स्थिती फाइलमध्ये साठवायचा पर्याय चालू करा.

अंतिम फेरी मात्र असल्या नोडवर नको. विकासकांच्या नोडला घड्याळ पुढं ढकलायच्या आणि खात्यात हवी तेवढी शिल्लक टाकायच्या आज्ञा कुणीही देऊ शकतं. नेटवर्कवर उघडा नोड म्हणजे वावराचं फाटकच उघडं. शिवाय हार्डहॅटची ठरीव खाती जगजाहीर आहेत. त्यांतल्याच पहिल्या खात्यानं विश्व उभारलं तर संयोजकाचे सगळे अधिकार प्रत्येक खेळाडूच्या हातात जातात. उभारणीला नवी बीज-शब्दांची (ज्यांतून खात्याची गुप्त चावी बनते त्या शब्दांची) यादी तयार करा आणि ती संयोजकापाशीच ठेवा. चषकाचे सामने सेपोलियासारख्या सार्वजनिक चाचणी चेनवर घ्या. तिथला ब्लॉक (व्यवहारांचा एकेक गठ्ठा) बारा सेकंदांचा, त्यामुळं खेळ जरा सावकाश होतो, पण नोंद कुणाला बदलता येत नाही. पुराव्यासह एका चालीला लाखांत गॅस लागतो आणि त्यासाठीची चाचणी नाणी फुकट, पण रोज थोडीथोडीच मिळतात. दोन-तीन आठवडे आधीपासून जमवा.

मैदानावर

नकाशा शोधायचं काम प्रोसेसर करतो. ज्याच्या यंत्रात कोअर जास्त, त्याचं नकाशा झाकणारं धुकं लवकर विरतं. सगळ्यांना लॅबचीच यंत्रं द्या आणि शोधासाठी किती कोअर वापरायचे ते खेळातूनच सारखं ठेवा. बाहेरच्या सर्व्हरवरून शोध घेणं बंद. पडदे एकमेकांकडं पाठ करून लावा; इथं गुपित एकच आहे, जागा, आणि ती शेजारच्याच्या पडद्यावर उघडी पडलेली असते.

प्लगइन चालू द्यायची की नाही, ते ठरवा आणि यादी लावा. प्लगइन म्हणजे खेळाच्याच पानात चालणारा कोड, त्याला तुमची खाजगी की (खात्याची गुप्त चावी) ही वाचता येते. म्हणून खातं स्पर्धेपुरतंच नवं काढायचं, घरचं क्रिप्टो पाकीट कुणीही जोडायचं नाही. खात्याची की आणि शोधलेला नकाशा ब्राउझरमध्येच राहतात. गुप्त विंडोत खेळून ती बंद केली की दोन्ही गेले, म्हणून खेळ सुरू व्हायच्या आधी की कागदावर उतरवून घ्या.

नवख्यांना दहा मिनिटं हे गणित समजावा. ग्रहाचा पल्ला 100 आणि क्षमता 100 धरा. 100 अंतरावर 60 ऊर्जा पाठवली तर वाटेत निम्मी जाते, उरते 30. त्यातून क्षमतेचे 5 टक्के, म्हणजे 5, आणखी वजा. पोचते 25. दुप्पट अंतरावर तीच 60 पाठवली तर फक्त 10 पोचते. लांबची चाल जवळजवळ नेहमीच वाया जाते, मधला ग्रह घेऊन पुढं सरकणं परवडतं. ऊर्जा अर्ध्या क्षमतेच्या आसपास सगळ्यात भरभर वाढते. ग्रह रिकामा करणारा आणि काठोकाठ भरून ठेवणारा दोघंही मागं पडतात.

वादाचे नियम आधीच छापून भिंतीवर लावा. वेळ ब्लॉकवरची धरायची, मोबाइलवरची नाही. शेवटच्या क्षणी वाटेत असलेली ऊर्जा मोजायची नाही, ती पोचली तरच खरी. लक्ष्यग्रह कुणालाच मिळाला नाही तर ताब्यातले ग्रह मोजा, बरोबरी असेल तर एकूण ऊर्जा. नेट तुटलं तर सामना थांबत नाही, कारण चेनला थांबवता येत नाही; पण दोघांचंही एकदम गेलं असेल तर नव्या आकड्यांवर सामना पुन्हा घ्यायचा. जुन्या आकड्यांवर कधीच नाही, तो नकाशा दोघांनी पाहिलेला असतो.