चुनखडकाची पूड करण्याआधी: तेलसाठ्यातल्या कार्बोनेट खडकांच्या अभ्यासात या चुका टाळा

मास स्पेक्ट्रोमीटरचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं, म्हणजे आयसोटोपचं, प्रमाण मोजणाऱ्या यंत्राचे) आकडे दशांश चिन्हानंतर दोन स्थळांपर्यंत येतात, त्यामुळे ते खरेच वाटतात. पण माझ्या पाहण्यातल्या बहुतेक चुका यंत्रापर्यंत नमुना पोचायच्या आधीच झालेल्या असतात, कोअरवर (विहिरीतून काढलेल्या खडकाच्या दांड्यावर) ड्रिल टेकवताना.

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे अख्ख्या तुकड्याची पूड करणं. बोटभर चुनखडकात समुद्रतळावर साचलेले शिंपल्यांचे कण असतात, पुढे गोड्या पाण्यात वाढलेलं सिमेंट (कणांमधल्या जागेत वाढलेले स्फटिक) असतं, आणि खोल गाडलं गेल्यावर भेगांत भरलेलं कॅल्साइटही असतं. समजा, कणांचा ऑक्सिजन-१८ चा आकडा (ठरलेल्या मानकापेक्षा जड ऑक्सिजन किती कमी-जास्त) उणे २ प्रति हजार आहे आणि उशिराच्या सिमेंटचा उणे १०. निम्मं-निम्मं मिसळलं की अहवालात उणे ६ येतो. उणे ६ चं कॅल्साइट त्या खडकात कणभरही नसतं, पण त्यावरून एक आख्खा इतिहास लिहिला जातो! आधी थिन सेक्शन (खडकाचा पारदर्शक होईल इतका पातळ काप) मायक्रोस्कोपखाली पाहा, मग त्याच्याच जोडीच्या कापावर बारीक ड्रिलने एकेका टप्प्याची पूड काढा. टप्पे वेगळे करता येत नसतील, तर तक्त्यात सरळ ‘मिश्र’ लिहा आणि त्यावरून तापमान काढू नका.

तापमानाचं दुखणं वेगळंच. कॅल्साइटचा आकडा एक, पण समीकरणात अज्ञात दोन: तापमान आणि पाणी. व्हीपीडीबी या कार्बोनेटसाठीच्या मापावर उणे ८ चं कॅल्साइट घ्या. पाणी शून्य, म्हणजे आजच्या समुद्रासारखं धरलं (पाण्याचा आकडा व्हीस्मो या समुद्राच्या पाण्याच्या मापावर) तर सुमारे ५५ अंश सेल्सिअस येतं. पावसाच्या उणे ४ च्या पाण्यात तेच ३३ अंशांवर उतरतं आणि अधिक ३ च्या खोल खाऱ्या पाण्यात ७५ च्या घरात जातं. म्हणजे किनाऱ्याजवळचं उथळ सिमेंट की खोलवरचं, हा निकाल तुम्ही गृहीत धरलेल्या पाण्यानेच देऊन टाकलेला असतो. म्हणून एकच तापमान छापू नका. क्लम्प्ड आयसोटोप (जड कार्बन आणि जड ऑक्सिजन एकमेकांना किती जोडले गेलेत याचं मोजमाप) किंवा स्फटिकात अडकलेल्या द्रवाचे थेंब यांतून तापमान स्वतंत्रपणे काढा. थेंबांचं काम कॅल्साइटमध्ये करत असाल तर आधी तापवून मोजा, गोठवणं नंतर. आधी गोठवलं तर बर्फ फुगून मऊ कॅल्साइटमधली पोकळी ताणते आणि पुढचं तापमान उगाच वाढीव येतं.

कॅथोडोल्युमिनेसन्समध्ये (इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने खनिज चमकवून पाहण्याच्या पद्धतीत) काळी पट्टी दिसली की ‘ऑक्सिजनयुक्त पाणी’ असं लिहून मोकळं व्हायची सवय फार जणांना असते. मँगनीज चमक आणतं, लोह ती मारतं. काळेपणा मँगनीज नसल्यानेही येतो आणि लोह जास्त असल्यानेही, आणि या दोन गोष्टी जवळजवळ उलट परिस्थिती सांगतात. उपाय स्वस्त आहे. ॲलिझरिन रेड एस आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांच्या मिश्र द्रावणात ती स्लाइड रंगवा. पट्टी जांभळी-निळी झाली तर लोह आहे. गुलाबीच राहिली तर लोह नगण्य, तेव्हा मँगनीजच्या कमतरतेचा विचार करा. डोलोमाइट (कॅल्शियम-मॅग्नेशियमचं कार्बोनेट) बहुधा रंग घेत नाही, पण त्यात लोह असेल तर फिकट निळसर होतं. रंगच चढत नसेल तर स्लाइडवर काचेचं झाकण नाही ना, तेलाचा अंश धुतला आहे ना, हे आधी बघा. डोलोमाइटसुद्धा गुलाबी दिसायला लागलं तर बहुधा स्लाइड द्रावणात जास्त वेळ राहिली आहे.

कटिंग्जवर (विहीर खणताना चिखलाबरोबर वर येणाऱ्या खडकाच्या चुऱ्यावर) भरवसा ठेवताना जपून. ड्रिलिंगच्या चिखलात गळती थांबवायला वाटलेलं कॅल्शियम कार्बोनेट घालतात. एकदा मी त्याचेच आकडे ‘वेगळा टप्पा’ म्हणून मांडले होते. स्ट्रॉन्शियमचे आयसोटोप मोजायला पूड विरघळवताना तीव्र आम्ल टाळा. ते चिकणमातीतलं स्ट्रॉन्शियमही ओढून आणतं.

‘डोलोमाइट झालं म्हणजे छिद्रं वाढली’ हेही डोक्यातून काढा. कॅल्साइटचं डोलोमाइट होताना रेणूस रेणू बदलला तर घनफळ साधारण १३ टक्के घटतं, हे कागदावर खरं. प्रत्यक्षात बाहेरून आणखी कार्बोनेट येतं आणि तीच जागा बुजवतं.

मायक्रोस्कोप टाळल्याचा सर्वांत मोठा फटका मात्र तेलाच्या हिशोबात बसतो. ऊलाइटचे (चुनखडकातले बारीक गोल) कण विरघळून सुटे, एकमेकांना न जोडलेले साचे उरलेले असतील, तर त्यांतून वीज नीट वाहत नाही आणि आर्चीच्या सूत्रातला (खडकाच्या विद्युत रोधकतेवरून छिद्रांतलं पाणी काढायच्या सूत्रातला) सच्छिद्रतेचा घातांक m नेहमीच्या २ वरून ३ कडे सरकू शकतो. सच्छिद्रता १५ टक्के, पाण्याची रोधकता ०.०३ आणि खडकाची २० ओहम-मीटर, सूत्रातले बाकीचे स्थिरांक, a एक आणि n दोन धरा. m २ घेतला तर छिद्रांत पाणी २६ टक्के, ३ घेतला तर ६७. पहिल्या आकड्यावर विहीर तेलाची वाटते, दुसऱ्यावर बरंचसं पाणीच यायची शक्यता असते. ते सुटे साचे थिन सेक्शनमध्ये निळ्या इपॉक्सीने भरलेले पहिल्या मिनिटाला दिसतात.