दिव्यांगाचं अनुदान: अर्जाआधी हे करा

माझा मुलगा बावीस वर्षांचा, त्याला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर परिणाम. आम्ही गुहागर तालुक्यातले. ज्यांच्या घरी असं लेकरू आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरा, मग तपासणीला जा. प्रमाणपत्रावर किमान 40 टक्के अपंगत्व लागतं. जाताना जुने केसपेपर घ्याच. पावसात जाणार असाल तर प्लास्टिकच्या पिशवीत. आमचा एक कागद एसटीतच भिजून गेला.

आधार आणि बँक आधी जोडा. इथेच आमचे चार महिने गेले. अनुदान मंजूर, पण खातं आधारला जोडलेलंच नव्हतं आणि कुणी सांगितलंही नाही. मुलाची बोटं आखडलेली, आधारसाठी ठसा उठेना. मी एकेक बोट कोमट पाण्यानं सैल करत बसले होते. शेवटी डोळ्यांच्या बुबुळांच्या स्कॅनवर काम झालं. तुम्ही तेच आधी मागा.

मग तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, अनुदान याच योजनेतून मिळतं. तारीख-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. दरवर्षी हयातीचा दाखलाही द्यावा लागतो.

उपचारांच्या खर्चासाठी निरामय आरोग्य विमा आहे, 1 लाखापर्यंत. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, मतिमंदत्व, बहुविकलांगता असणाऱ्यांना मिळतो.

आणि ग्रामसभेला जाच. ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. हिशेब लेखी मागा. आमच्याकडे मी आणि शेजारची काकी, दोघीच उभ्या राहिलो. पुढच्या सभेला सात घरं आली.