नाशिकची वाईन, चीज आणि आपलं ताट

सुरुवात आमच्या नाशिकच्या शेनिन ब्लांक या व्हाईट वाईनने करा. बहुतेकदा ती जराशी गोडसर असते, त्यामुळे कोथिंबीरवडी, साबुदाणावड्यातल्या मिरचीला छान सांभाळून घेते. फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं थांबा; 8 ते 10 अंशांवर तिचा वास खुलतो. चीज मात्र तासभर आधीच बाहेर काढा, गारढोण चीजला चवच लागत नाही.

आता घास कसा घ्यायचा ते सांगते. आधी वाईनचा एक घोट, नुसता. मग गौडा चीजचा लहानसा तुकडा सावकाश चावा, जिभेवर पसरू द्या आणि गिळायच्या आत दुसरा घोट घ्या. वाईनचा आंबटपणा चीजचा तुपकटपणा कापतो, आणि तीच वाईन एकदम मऊ लागते. हा क्षण मला फार फार आवडतो!

सॉविन्याँ ब्लांक ही दुसरी व्हाईट वाईन बकरीच्या दुधाच्या चीजबरोबर घ्या. फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातली ही जुनी जोडी. तळलेल्या बोंबलांनाही तीच.

शिराझ ही रेड वाईन तांबड्या रश्श्याबरोबर नको, टॅनिन (तिचा तुरटपणा) आणि अल्कोहोलने तिखट आणखी भडकतं. ती बेताच्या तिखटाच्या सुक्या मटणाला किंवा मुरलेल्या चेडार चीजला ठेवा. आणि उन्हाळ्यात रेडसुद्धा दीड-दोन तास फ्रिजमध्ये घालाच. तिला 16 ते 18 अंश लागतात, आपल्या खोलीतले 32 नव्हेत.