वॉर्डातलं ‘मॅनिक’ आणि नोट्समधलं ‘मॅनिक’

यूकेत नर्स म्हणून मला आता चौथं वर्ष चालू आहे, मेडिकल वॉर्डला आहे, आणि आपल्याकडच्या नवीन येणाऱ्या नर्स मुली मेसेज करून ओईटीचं, म्हणजे इंग्लिशच्या परीक्षेचं, विचारतात, ओस्कीचं, म्हणजे प्रॅक्टिकल परीक्षेचं, विचारतात, पण वॉर्डातल्या रोजच्या बोलण्याचं कोणीच विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. ओईटीत रायटिंगला सी प्लस आणि बाकी तिन्हीला बी लागतो म्हणून सहा महिने रात्री जागून अभ्यास केला, ग्रेड मिळाली पण, आणि पहिल्याच आठवड्यात एका साध्या शब्दावर अडले.

सकाळी साडेसातचा हँडओव्हर होता, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती पुढच्यांना सांगतात तो. रात्रपाळीची सिस्टर खुर्चीत टेकली आणि म्हणाली, "इट्स बीन ॲब्सोल्यूटली मॅनिक इन हिअर." मी कागदावर मॅनिक लिहिलं आणि पुढे बेड नंबरसाठी जागा सोडली. कारण सायकियाट्रीत मेनिया पाठ झालेला, झोप नाही, बोलणं थांबत नाही, वारेमाप पैसे उधळणं, त्यामुळे माझ्या डोक्यात एकच की असा पेशंट रात्री आलाय. अख्खा हँडओव्हर संपला तरी बेड नंबर काही आला नाही. मग हेल्थकेअर असिस्टंटला हळूच विचारलं तेव्हा कळलं की तसा पेशंटच नाही, रात्री तीन ॲडमिशन आल्या आणि एक आजोबा बाथरूमपाशी पडले, म्हणून मॅनिक. म्हणजे आपण म्हणतो ना, रात्रभर नुसती तारांबळ, ते. ब्रिटनमध्ये हा शब्द बोलताना सर्रास असाच वापरतात, ख्रिसमसच्या आधी दुकानात गर्दी झाली तरी मॅनिक.

शब्द आवडला आणि तोंडात बसला, आणि तिथेच माझी खरी चूक झाली, जी तुमच्याकडून होऊ नये म्हणून हे सगळं लिहितेय.

एक आजी होत्या, युरीन इन्फेक्शन झालेलं, रात्री एकदम बदलल्या, कॅन्युला, म्हणजे शिरेत लावलेली सलाईनची नळी, ओढून काढली, सारख्या बेडवरून उतरायला बघत होत्या, स्वतःच्या घरी आहोत असं समजून दार उघड म्हणत होत्या. मी पहाटे नोट्समध्ये लिहिलं, पेशंट मॅनिक ऑल नाइट. सकाळी डॉक्टरांनी ते वाचून मुलीला फोनवर विचारलं की आईला आधी बायपोलर, म्हणजे ज्यात मेनिया येतो तो मानसिक आजार, वगैरे काही होतं का, आणि ती बिचारी रडतच वॉर्डात आली. मला आजही ते आठवलं की वाईट वाटतं. वॉर्ड सिस्टरने मला बाजूला घेतलं, ओरडली नाही, एवढंच विचारलं की तू डोळ्यांनी काय पाहिलंस ते सांग. मी सांगितलं. म्हणाली, मग तेच लिही. जुन्या ओळीवर एकच सरळ रेघ, खालचं वाचता येईल अशी, बाजूला तारीख, वेळ, सही, आणि मग नवीन ओळ: कन्फ्यूज्ड, ॲजिटेटेड, ट्राइंग टू क्लाइंब आउट ऑफ बेड, पुल्ड आउट कॅन्युला ॲट ०२:४०. आजींना झालेलं होतं डिलीरियम, म्हणजे आजारपणात अचानक येणारा गोंधळ, ज्याच्यासाठी इथे फोर-ए-टी नावाची छोटी टेस्ट करतात. आता मी शिफ्टच्या सुरुवातीलाच पेशंट गोंधळलेला वाटला की ती करते.

तर मॅनिक बोलताना दिवसाला, शिफ्टला, वॉर्डला चालतं. नोट्समध्ये माणसाला लावलं की तो आजार झाला.

हेक्टिकचं आपलं उलटं होतं. आपण सगळे "आय ॲम सो हेक्टिक" म्हणतो, मीही म्हणायचे, पण इंग्लिशमध्ये शेड्यूल हेक्टिक असतं, सकाळ हेक्टिक असते, माणूस बिझी असतो. आणि गंमत बघा, हा शब्द मुळात आपल्याच खात्यातला. क्षयरोग्याला रोज चढणारा-उतरणारा ताप यायचा, गालांवर लाली दिसायची, त्या तापाला हेक्टिक फीवर म्हणायचे, आणि धावपळीचा अर्थ फार नंतर, विसाव्या शतकात रुळला. मोठे चढउतार असलेल्या तापाला हेक्टिक म्हटलेलं अजूनही वाचायला मिळतं, तेव्हा दचकू नका.

फ्रँटिक मात्र माणसाला लागतं, पण त्यात भीती असते. वडील कुठल्या हॉस्पिटलला नेलेत ते कळत नाही म्हणून चार ठिकाणी फोन लावणारा मुलगा म्हणतो, "आयव्ह बीन फ्रँटिक." आपलं सैरभैर. नुसत्या कामाच्या घाईला लगबग म्हणतो, तिथे फ्रँटिक लावलं तर ऐकणारा विचारतो काय झालं, सगळं ठीक ना. फ्रेनेटिक मी वॉर्डात क्वचितच ऐकलाय, तो जास्त करून लिहिण्यातला, शहराचा वेग, बाजाराचा वेग, असा. दोघांचं मूळ एकच, ग्रीकमधला फ्रेन म्हणजे मन, आणि त्यावरून फ्रेनायटिस, म्हणजे जोराचा ताप येऊन माणूस बरळायला लागतो तो आजार. हे वाचलं तेव्हा मला त्या आजीच आठवल्या.

उच्चारही सांगून ठेवते, आजार मेनिया पण विशेषण मॅनिक, मेनिक नाही.

मी काय केलं, तर खिशात छोटी वही ठेवली आणि सुटा शब्द लिहायचाच नाही असं ठरवलं, कोण बोललं, कशाबद्दल बोललं, अख्खं वाक्य, आणि समोर मराठीत पहिलं जे सुचेल ते. तारांबळ, लगबग, सैरभैर, झपाटल्यासारखं, आपल्याकडे इतके वेगवेगळे शब्द आहेत की इंग्लिशमधला फरक त्यांनीच मला समजावला, डिक्शनरीने नाही. मॅनिक एनर्जी म्हणजे झपाटल्यासारखं हे मला टी रूममध्ये एका फिजिओच्या बोलण्यावरून कळलं, शेजारी नवीन किचन बसवत होता, तीन दिवस झोपलाच नाही, त्याबद्दल.

आणि बेमध्ये, म्हणजे वॉर्डातल्या चार-सहा बेडच्या भागात, पेशंटसमोर, मी हा शब्द आता कामाबद्दलही काढत नाही. एकदा मी ड्रिप लावताना "मॅनिक मॉर्निंग" म्हणून गेले, पेशंट बाई शांतपणे म्हणाल्या की मला बायपोलर आहे, माझ्यासाठी त्या शब्दात सहा आठवडे हॉस्पिटल असतं. मी सॉरी म्हटलं, त्यांनी हात थोपटला. तेव्हापासून पडद्याच्या आत मी "व्हेरी बिझी" म्हणते.