डायनोसॉरचं संग्रहालय बघायला जाताय? या चुका टाळा

पहिली चूक दारातच होते. आत शिरलं की सगळे थेट मधल्या अवाढव्य सांगाड्याकडे धावतात, फोटो काढतात आणि अर्ध्या तासात बाहेर. छोट्या प्रादेशिक संग्रहालयात तो टी-रेक्स बहुधा दुसरीकडच्या हाडांची प्रतिकृती असतो. त्या भागातल्या खडकांतून निघालेला ऐवज कडेच्या काचपेट्यांत असतो: अर्धा मणका, तुटका दात, पावलाचा ठसा. सुरुवात तिथून करा.

प्रतिकृती म्हटल्यावर नाक मुरडणारेही भेटतात. पण जीवाश्म हाड दगडासारखं जड असतं. शिकागोच्या फील्ड म्युझियममधल्या ‘सू’ नावाच्या टी-रेक्सची खरी कवटीसुद्धा वेगळ्या पेटीत आहे, सांगाड्यावर हलकी प्रतिकृती बसवलीय. अस्सल हाडाला बऱ्याचदा बाहेरून लोखंडी आधार दिलेला दिसतो, रंग एकसारखा नसतो, कुठेतरी बारीक अक्षरात नोंद क्रमांक असतो. तरी खात्रीसाठी पाटीच वाचा. रंगारी हुशार असतात.

मोठं आणि जुनं दिसलं की ‘डायनोसॉर!’ म्हणणं ही तिसरी चूक. उडणारे टेरोसॉर, समुद्रातले इक्थिओसॉर, पाठीवर शीड असलेला डायमेट्रोडॉन, यांतला एकही डायनोसॉर नाही. डायमेट्रोडॉन तर सस्तन प्राण्यांना जास्त जवळचा. सांगाडा उभा असेल तर जरा वाकून खुबा बघा. मांडीचं हाड जिथे बसतं त्या खोबणीत डायनोसॉरला आरपार भोक असतं. अँकिलोसॉरसारखे अपवाद आहेत, पण मुलांना हे भोक शोधायला लावा, ती तासभर गुंततात.

स्टेगोसॉरस आणि टी-रेक्स यांची झुंजही लावू नका. पहिला सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीचा, दुसरा 7 कोटींच्या अलीकडचा.

फोटोत काचेची चमक येत असेल तर फ्लॅश बंद करा आणि मोबाइल काचेला टेकवून धरा. हाडांना हात लावू नका. तशी परवानगी असलेले नमुने वेगळे ठेवलेले असतात. हाडांवरचा खडक काढण्याची प्रयोगशाळा काचेतून दिसते का, तिथे काम कधी चालतं, हे तिकीट काढतानाच विचारा.

आणि तुम्हाला सापडलेला ‘जीवाश्म’ पिशवीत घालून थेट काउंटरवर ठेवू नका. आधी मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो पाठवा, दगड नेमका कुठे मिळाला तेही कळवा. जागा माहीत नसेल तर अभ्यासाच्या दृष्टीने त्याचं निम्मं मोल जातं.