इकॉनॉमिक्स शिकायचंय? गोव्यातून कॉलेज असं पारखा

बारावीचा निकाल लागला की घरात चर्चा सुरू होते आणि कोणीतरी काका ठामपणे सांगतात, "पुण्या-मुंबईचं नाव लागलं म्हणजे झालं." साखळीत राहणाऱ्या माझ्या भाचीच्या वेळीही हेच झालं. शेवटी आम्ही दोघांनी पडवीत बसून दोन कॉलेजांचे अभ्यासक्रम शेजारी शेजारी ठेवले आणि पेन्सिल घेतली. तेव्हा जे कळलं, ते इथं क्रमानं सांगतो.

सुरुवात शेवटाकडून करा. पदवीनंतर काय करायचंय? इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिस, म्हणजे केंद्र सरकारच्या अर्थतज्ज्ञांच्या सेवेच्या परीक्षेला अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवीच लागते. संशोधन, अध्यापन यांतही बी.ए. हा मुक्काम नसतो. असा बेत असेल तर मोठं नाव एम.ए.ला मिळवा, बी.ए.ला पाया पक्का करा. पदवीनंतर लगेच नोकरी हवी असेल तर मात्र नावाला खरी किंमत आहे, कारण मुलाखतीला येणाऱ्या कंपन्या नाव बघूनच कॉलेज निवडतात. ते नाकारून चालणार नाही.

मग पदवी नीट बघा. कॉलेजच्या पाटीवर इकॉनॉमिक्स लिहिलेलं असलं तरी बी.कॉम.मध्ये अर्थशास्त्राचे मोजकेच पेपर असतात. प्रवेश कशाला मिळतोय, मेजर, म्हणजे मुख्य विषय, इकॉनॉमिक्स आहे का, हे लेखी बघून घ्या.

आता अभ्यासक्रम. गोवा विद्यापीठाला संलग्न कॉलेजांत तो बहुतांशी एकच, आणि पदवीही विद्यापीठाचीच. म्हणजे फरक पडतो तो ऐच्छिक पेपर कोणते आणि शिकवणारे कोण, यानं. मडगावच्या चौगुलेसारख्या स्वायत्त महाविद्यालयाचा अभ्यासक्रम वेगळा असतो, तो स्वतंत्रपणे वाचा. गणित, संख्याशास्त्र, इकॉनॉमेट्रिक्स (आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजायचं शास्त्र) या पेपरांवर खूण करा. २०२१पासून आयआयटीच्या जॅम या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेत इकॉनॉमिक्सचा पेपर असतो, त्यात गणित आणि संख्याशास्त्र दोन्ही आहेत. बी.ए.त ज्यानं गणित टाळलं, त्याला पुढची चांगली दारं फार जड जातात.

सगळ्यांत जास्त उपयोगी पडल्या जुन्या प्रश्नपत्रिका. कॉलेजच्या ग्रंथालयात मागा किंवा वरच्या वर्गातल्या मुलांकडून घ्या. एका पत्रिकेत भाचीला ओळीनं "मागणीचा नियम स्पष्ट करा", "टीप लिहा" असलेच प्रश्न सापडले. दुसऱ्या कॉलेजच्या पत्रिकेत किमती आणि मागणीचा तक्ता दिला होता, लवचिकता (भाव बदलला की मागणी किती बदलते ते) काढायची होती आणि भाव वाढवल्यावर विक्रेत्याचं उत्पन्न वाढेल की घटेल, हे कारणासह लिहायचं होतं. पहिली पत्रिका नावाजलेल्या कॉलेजची होती. भाची पाच मिनिटं काही बोललीच नाही.

रँकिंगवर फार विसंबू नका. एनआयआरएफची, म्हणजे केंद्र सरकारच्या रँकिंगची यादी अख्ख्या कॉलेजचा क्रम लावते, एकट्या इकॉनॉमिक्स विभागाचा नाही.

त्यानंतर कामाच्या दिवशी प्रत्यक्ष जा. विभागात कायमचे शिक्षक किती, लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासांच्या मानधनावर किती, हे विचारा. दर वर्षी माणसं बदलत असतील तर प्रोजेक्टला मार्गदर्शन कोण करणार? नव्या शैक्षणिक धोरणातलं पदवीचं चौथं वर्ष इकॉनॉमिक्समध्ये तिथंच होतं का, हेही विचारा. संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के लागतात, हे मुलांना पहिल्याच वर्षी ठाऊक असलेलं बरं.

बाहेर जायचं असेल तर जरूर जा, पण विभागासाठी जा. पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट १९३०पासून याच विषयात काम करते आहे, तिथला खर्च करण्याला अर्थ आहे. दिल्ली विद्यापीठासाठी २०२२पासून सीयूईटी ही देशपातळीवरची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, तिची तयारी बारावीतच करा. नुसत्या नावासाठी तीन वर्षं खोलीभाडं आणि मेस भरण्यापेक्षा तो पैसा एम.ए.साठी राखून ठेवा. पेडण्याहून मडगावला रोज कदंबाच्या बसनं ये-जा करण्याचा विचार असेल तर आधी एक दिवस तसं जाऊन बघा. संध्याकाळी घरी आल्यावर पुस्तक उघडायची ताकद उरते का, ते त्या दिवशी कळेल.

भाचीनं जवळचं कॉलेज निवडलं, आणि प्रवेशअर्जावर मायनरच्या, म्हणजे दुय्यम विषयाच्या रकान्यात गणित लिहिलं.